सतरा सेकंद

रात्रीचे दोन वाजून चाळीस.
थोर्सहावनच्या इस्पितळाखाली, तळघरात,
मी नव्या आवृत्तीची टिपणं वाचते आहे,
पायांत लोकरीचे दोन-दोन मोजे,
कारण इथला गारवा यंत्रांसाठी आहे, माणसांसाठी नाही.

एक यंत्र माझ्या पुढ्यात.
दुसरं दोन खाड्यांपलीकडे, बोरॉय बेटावर,
माशांच्या जुन्या शीतगृहात.
दोघं सेकंदाला एकदा एकमेकांना विचारतात:
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
लग्नाला चाळीस वर्षं झालेली माणसंही
इतक्यांदा विचारत नाहीत.

आणि उत्तर आलंच नाही, तर?
तो नियम रोईनं लिहिला होता:
शंका आली की समोरच्याची वीज तोड.
आधी तोड, मग विचार.
कारण दोघंही स्वतःला मालक समजू लागले
तर एकाच रुग्णाच्या नावावर दोन रक्तगट चढतात.
रोईचं बरोबरच होतं.
अकरा वर्षं बरोबर होतं.

मग एका मार्चमध्ये कुठल्याशा ट्रॉलरचा नांगर
समुद्रतळाच्या केबलीत अडकला.
दोन्ही यंत्रं धडधाकट.
दोघांनाही वाटलं, समोरचा गेला.
बोलायची तार तुटली होती,
मारायची शाबूत होती.
दोघांनी एकाच क्षणी नियम पाळला.
आमच्या धंद्यात या वीज तोडण्याला कुंपण म्हणतात.
त्या रात्री कुंपणानंच शेत खाल्लं.
तुरिद नर्सनं उजाडेपर्यंत
बेचाळीस रुग्णांची औषधं हातानं लिहिली,
जेवणाच्या मेन्यूकार्डांच्या पाठीवर.

आता ही टिपणं.
यापुढे कुणाला मृत ठरवण्याआधी थांबता येईल.
मी सतरा सेकंद टाकले. का सतरा, ते विचारू नका.
यापुढे तिसऱ्याचं मत घेता येईल.
तिसरा म्हणजे पावाएवढा एक डबा,
सान्दॉयच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटावर.
त्याच्यापाशी एकाही रुग्णाची नोंद नाही.
कुणाचा आवाज येतोय, एवढंच सांगतो.
ग्रंथपाल हेरबॉर्गनं त्याच्यावर कॅक्टसची कुंडी ठेवली आहे,
मुळांना ऊब मिळते म्हणून.
पंचाला एवढा मान पुरे.

यापुढे जाणारा सांगून जाईल,
हातातलं काम दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवून.
आणि परत आलेल्याला
जुनी जागा आपोआप मिळणार नाही.
इथं मी जरा थांबले.
थर्मासमधली कॉफी संपली होती.

अगदी शेवटी, चुकांच्या दुरुस्त्यांखाली, एक ओळ:
वापरात नसलेला भाग काढून टाकला.
तो भाग म्हणजे रोई.
त्याच्या डोक्यावर रोईनंच लिहून ठेवलं होतं:
हात लावण्याआधी मला उठवा.

रोई तिसऱ्या मजल्यावर झोपला आहे,
मेंढ्यांमागे उतारावरून घसरून खुबा मोडलेला.
त्याच्या गोळ्यांच्या वेळा याच यंत्रात आहेत.
मी त्याला उठवलं नाही.

आधी बोरॉयला विश्रांती दिली. बदललं. जागं केलं.
त्यानं विचारलं: आहेस?
मग सगळा भार तिकडे सरकवला
आणि पुढ्यातल्याला हात घातला.
वर तुरिद कुणाचा तरी ताप नोंदवत होती,
तिच्या पडद्यावरचा आकडा पापणीभरही लवला नाही.
आमचा पराक्रम असा:
कुणाला काही कळलं नाही.

सकाळी वर गेले.
रोई उशीला टेकून बसला होता, लापशीवर रुसलेला.
"किती ठेवलेस?"
म्हणजे त्याला ठाऊक होतं.
"सतरा."
"फार होतात, सुनेवा. सतरा सेकंदांत माणूस बुडतो."
"हो. आणि पाण्याबाहेर डोकंही काढतो."

खिडकीबाहेर धुकं.
समोरचं नोल्सॉय बेट पार पुसलेलं.
तो बराच वेळ तिकडे बघत राहिला,
जिथं ते असतं तिथंच.
मग म्हणाला, लापशीत मीठ नाही.