डाक आवृत्ती

शरयूताई गेल्या, रात्री पावणेबाराला.
इथल्या हिंदी पेपरांनी सकाळीच काळी चौकट टाकली.
परदेशीपुऱ्यात शटरं अर्धी खाली,
पोह्यांच्या गाडीवर जिरावण मागतानासुद्धा
लोक हळू बोलत होते.

माझा मराठी पेपर मुंबईहून येतो, अवंतिकेनं,
आदल्या संध्याकाळी सातालाच छापून बांधलेला.
त्यात त्या अजून आहेत.
पान सहा, खाली डावीकडे, एक रकाना :
'इंदूरच्या माजी आमदार शरयू बिडवई यांची प्रकृती स्थिर.
दुपारी थोडी पेज घेतली.'

ती पेज मी दोनदा वाचली.

मग पान उलटून पेन काढलं.
लाज वाटली, पण काढलं.
चौतीस वर्षं झाली, मिल बंद पडली त्या सोमवारपासून
रोज एक शब्दकोडं.
हजेरीचं रजिस्टर हातून गेलं होतं
आणि हाताला चौकोनांची सवय होती.

गेटवरच्या उपोषणाचा तो नववा दिवस.
ताई सतरंजीवर, गुडघ्यांवर कुणाची तरी शाल.
खिशातून डोकावणारा पेपर त्यांनी पाहिला.
काय अडलंय, टाइमकीपर?
म्हटलं, उभा चार. 'थारा'. तीन अक्षरी, आ पासून.
आसरा, म्हणाल्या. लिही.
ओठ सोललेले, आवाज बसलेला,
पण शब्द असा दिला
जशी शेजारीण वाटीभर साखर देते, न मोजता.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं : आश्रय.
'रा'च्या घरात 'य' हवा होता.
त्यापायी माझा आडवा नऊ, यजमान,
राजमान होऊन बसलेला.
खोडला नाही. अजून पत्र्याच्या पेटीत आहे तसाच.
आश्रय अर्जात लिहितात हो.
आमच्या खात्यातला कुणी माणूस
साहेबाच्या दारात उभा राहून
आश्रय द्या, असं म्हणाला असता?

मिल काही उघडली नाही.
ते उत्तरही चुकलंच त्यांचं,
आणि ते कबूल करायला त्या
चाळीचाळीतून फिरल्या, चप्पल दाराबाहेर काढून.
देणी मिळेतो सोळा वर्षं गेली.
घुले तोवर नव्हता.
त्याच्या बायकोच्या अंगठ्याशेजारी
साक्षीदार म्हणून ताईंची सही आहे,
'ब' नेहमीसारखा ओळीखाली घसरलेला.

आजचं कोडं वीस मिनिटांत सुटलं.
नेमकं आज काहीच अडलं नाही.

कात्री घेतली, रकाना कापून ठेवावा म्हणून,
तर त्याच्याच पाठीला कोडं.
खिडकीशी धरलं.
काळे चौकोन आरपार आले,
एक 'प्रकृती'वर, एक 'स्थिर'वर,
आणि पेजेच्या ओळीवर माझंच अक्षर, उलटं.
कापलं नाही.

उद्याच्या पेपरात कोड्याची उत्तरं येतील.
त्याच अंकात ताईही जातील,
मराठीत, एक दिवस उशिरा.
मुलगा म्हणतो, बाबा, फोनवर कालच आलं सगळं.
आलं असेल.

चार वाजता गेटवरून निघणार आहेत.
आता गेटच उरलंय तिथं, आत कुठल्याशा टॉवरचा पाया.
इस्त्रीचा सदरा घातला.
पेपर चौघडी करून खिशात ठेवला,
जरा वर ओढून,
दिसेल असा.