उगंच

सेलूला आमच्याकडं जमीन परातीसारखी.
एखादा उंचवटा असलाच
तर त्यावर देव, नाहीतर पाण्याची टाकी.
चढायचं ते नवस फेडायला,
किंवा दावं तोडून गेलेली म्हैस
कोणाच्या शिवारात शिरली ते बघायला.

धायरीत आले तर खिडकीतच डोंगर.
सून म्हणाली, आई, रविवारी सिंहगड.
मी विचारलं, वर कोणता देव?
म्हणाली, आहे ना, कोंढाणेश्वर. पण त्याच्यासाठी नाही.
मग?
असंच. उगीच.

हे उगीच मला नवं होतं.
आमच्याकडं ते उगंच, आणि ते बोलणी खाताना ऐकायचं:
उगंच बसलीस, उगंच दिवा जाळलास,
उगंच रडू नको.
इथं माणसं उगीचसाठी
चार हजारांचे बूट घेतात,
पहाटे साडेचारचा गजर लावतात,
आणि अंधारात सोसायटीच्या गेटपाशी
वॉचमनसमोर उठाबशा काढतात.

लिमये म्हणून एक होते. वय अडुसष्ट.
गुडघ्यापर्यंत चड्डी, गळ्यात शिट्टी.
त्यांनी नियम सांगितले:
चढताना बोलायचं नाही,
पाणी घोट घोट,
आणि किती राहिलं, हे विचारायचं नाही.
त्यांचा हा नऊशे बारावा गड.
मी म्हटलं, एवढ्यांदा मी माहेरी गेले नाही.
ते हसले नाहीत. वहीत माझं नाव लिहिलं,
पुढं आकडा घातला: एक.

आतकरवाडीतून वाट निघाली ती सरळ उभीच.
ओचा खोचलेला, पायात सुनेचे जुने बूट,
अंगठ्याशी कापूस कोंबलेला.
पोरंसोरं पुढं गेली. लिमयेही गेले.
मी एका करवंदीच्या जाळीला धरून
श्वास मोजत उभी.

तेवढ्यात खालून आवाज, वाट द्या बाई.
डोक्यावर पाटी, पाटीत दह्याची मडकी,
पायात झिजलेली स्लिपर,
आणि मान अशी ताठ, की फक्त डोळे वळत होते.
ती मान मला ओळखू आली.
दोन घागरींखाली तीस वर्षं मीही तशीच चालले.
ती गेली, न धापता.
मी मागून निघाले
आणि रिकामे हात कुठं ठेवावेत ते कळेना.

वर वारा. खाली खडकवासल्याचं पाणी.
लिमये काठीनं दाखवत होते, तो बघा कात्रज,
ती तुमची बिल्डिंग. मला काही ती सापडली नाही.
मी जाऊन त्या बाईजवळ बसले.
ठकूबाई नाव.
एक मडकं घेतलं, साखर जास्त मागितली.

नव्या दिसताय?
सहा महिने झाले.
तुमच्याकडं डोंगर न्हाईत व्हय?
नाहीत.
मंग लांबचं समदं दिसत आसंल.
दिसतं, म्हटलं, पण बघण्यासारखं काही नसतं.

मग मीच विचारलं,
तुम्ही कधी नुसत्या आलात का वर? ओझ्याबिगर?

तिनं पदरानं मडक्यावरच्या माशा हाकलल्या.
एकदा, म्हणाली.
लगीन नवं व्हतं. मालक म्हनले, चल,
वरनं तुजं माहेर दावतो.
आलो तर ह्ये धुकं. हात दिसंना हाताला.
मग?
मंग काय, बसलो. लई येळ.
उगंच.

पहिल्यांदा पुण्यात कुणी तो शब्द
माझ्यासारखा उच्चारला.
पैसे देताना तिचा हात गार लागला, दह्यानं.

उतरताना गुडघे बोलायला लागले.
दोन दिवस जिना बाजूनं उतरले, खेकड्यासारखी.
लिमयेंच्या वहीत आता माझ्यापुढं अकरा आहे.

परवा सेलूहून बहिणीचा फोन.
काय गं, दर रविवारी जातीस म्हणं,
या वयात. असतंय तरी काय वर?

मी म्हटलं, दही.