अकरा ओळी

शुक्रवारची पुरवणी पाचला छापायला जायची.
चार वाजून दहा मिनिटांनी कॅसेट टेबलावर आली:
नोल्फा इतुरिएता, वय बावीस, गाव ताल्ताल.
अल्बमचं नाव ‘आग्वा प्रेस्तादा’.
उसनं पाणी.

वाल्पाराइसोत तेव्हा माझ्या कानाला भाव होता.
त्या दिवशी सर्दी झाली होती.
हे कारण नव्हे, नुसती नोंद.
पहिली बाजू ऐकली, तीही तिसऱ्या गाण्यापर्यंत.
सिंथेसायझर मायामीच्या मापाचा,
थोरल्या भावाच्या कोटासारखा ढगळ,
आणि आत कुठेतरी ती पोरगी, बाह्या दुमडत.

शीर्षक आधी सुचलं. तिथेच घात झाला.
‘उसनं पाणी, उसनाच गळा.’
मग शीर्षकाला शोभतील अशा
अकरा ओळी खाली जुळवल्या.
शनिवारी धक्क्यावर तळलेला मासा घेतला
तो माझ्याच अकरा ओळींत गुंडाळलेला.
तेल तिच्या फोटोतून आरपार गेलं होतं.
मी बोटं चाटली.

अल्बम पडला.
माझ्यामुळे पडला म्हणणं
म्हणजे स्वतःलाच हार घालून घेणं.
रेडिओने दोन आठवडे वाजवला,
मग मेक्सिकोहून दुसरं काही आलं, उन्हाळा आला,
कंपनीने उरलेल्या कॅसेटी किलोवर विकल्या.

एकोणीस वर्षांनी
आन्तोफागास्ताहून दक्षिणेला निघालेली रात्रीची बस.
बाहेर वाळवंट, म्हणजे काहीच नाही.
ड्रायव्हर वेन्सेस्लाओने कॅसेट घातली,
दुसरी बाजू.
मी कधीच न उलटलेली.

तिच्यात सिंथेसायझर नव्हता. पैसे संपले असावेत.
एक गिटार, टेबलावर कुणाची तरी बोटं,
आणि पाण्याच्या ट्रकची वाट बघणाऱ्या बायका:
मंगळवारचा ट्रक गुरुवारी येतो,
रांगेतली एक दुसरीला म्हणते,
घे गं माझी अर्धी बादली, लेकराला अंघोळ घाल,
देशील सवडीने, पाणी कुठे पळून चाललंय.
शेवटच्या ओळीआधी ती श्वास घेते.
तो कुणी कापला नव्हता.
मागच्या सीटवरची बाई, पायात लोकरी मोजे,
डोळे मिटून सगळे शब्द म्हणत होती.

“कोण गातंय?”
“नोल्फा,” तो म्हणाला, मावसबहिणीचं नाव घ्यावं तसं.
“शाळेत स्वयंपाकाला असते. इकडे घरोघर आहे ही.
लग्नात हीच बाजू लावतात. पहिली कुणी ऐकत नाही.”

पहिली कुणी ऐकत नाही.
म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो!
असा एक किडका आनंद झाला मला.
लपवत नाही.

पहाटे बस फाट्यावरच्या खानावळीत थांबली.
खानावळ तिच्या आईची.
भिंतीवर, मिठाईच्या दुकानातल्या कॅलेंडरशेजारी,
काचेखाली पिवळा पडलेला कागद:
तिचा फोटो, माझं शीर्षक, माझ्या अकरा ओळी,
तळाला माझं नाव, बारीक टायपात.

“लेकीचा फोटो आला होता हो पेपरात,”
दोन्या एदुविना म्हणाली, हात ॲप्रनला पुसत.
“मला अक्षर येत नाही. तुम्ही शिकलेले दिसता.
दाखवता वाचून?”

चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
वेन्सेस्लाओ काउंटरला टेकून बघत होता.
त्याला वाचता येतं.

मग मी वाचलं:
टेबलावरची बोटं वाचली, अर्धी बादली वाचली,
मंगळवार वाचला, गुरुवार वाचला,
तो न कापलेला श्वास तर दोनदा वाचला,
बोट ओळींवरून सरकवत राहिलो,
ओळी संपल्या तरी थांबलो नाही,
बोट कोऱ्या काचेवर आलं होतं.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.
“नोल्फा वाचते तेव्हा एवढं नसतं,” ती म्हणाली.
“ती आपली दोन वाक्यांत उरकते:
‘आई, आवाज चांगला आहे म्हणतात.
साथीचं काही सांगत नाहीत.’”

मग वाटी माझ्यापुढे सरकवली.
“प्या सूप. निवतंय.”