हद

उद्यमबागेत माझ्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर
तीन पोरं भाड्यानं असतात. असतात म्हणजे
रात्री दोनपर्यंत खुर्च्या सरकवतात.
दारावर कंपनीचं नाव तीन लिप्यांत चिकटवलंय.
वर कुठली, खाली कुठली, यात एक अख्खा रविवार गेला,
शेवटी तिन्ही एका ओळीत लावली, आडवी.
दार पुरलं नाही,
'प्रायव्हेट लिमिटेड' भिंतीवर गेलंय.

वैभवी मुतग्याची, विरूपाक्ष गोकाकचा,
मुझफ्फर कॅम्पातला, बापाचं टेलरिंगचं दुकान.
पहिल्यांदा आली तेव्हा विचारलं,
मामा, फौंड्रीत जास्तीत जास्त काय बिघडतं?
मी म्हटलं, माणसं.
ते त्यांनी लिहून घेतलं.
मग म्हटलं, बरं, वाळू.

वाळूसाठी त्यांना लगमाण्णाकडे नेलं.
शेजारच्या फौंड्रीत एकतीस वर्षं मोल्डर,
मूठभर वाळू घेतो, दाबतो, उघडतो,
मधोमध मोडतो, कडा बघतो
आणि म्हणतो, हद बंत.

वैभवीनं वहीत लिहिलं: हद्द?
मुझफ्फरनंही तेच ऐकलं.
कसली हद्द, कुणाची?
विरूपाक्ष हसत सुटला.
अगं, हद म्हणजे नेमकं जमून आलेलं.
पेरायला माती जशी लागते तशी.
कुंद्याचा खवा जिथं थांबवायचा तिथं. हद.

मी हातातला चहा खाली ठेवला.
एकतीस वर्षं भिंतीला भिंत लावून काम केलं,
रोज सकाळी त्याचं ते वाक्य ऐकलं
आणि मला वाटायचं,
बिचारा वाळूला कावलाय,
म्हणतोय, हद्द झाली आता.

पोरांनी त्याच्या चारशे मुठी मोजल्या.
दाबून झाल्यावर प्रत्येक मूठ पिशवीत, पिशवीवर नंबर,
माळ्याच्या जिन्यात वाळूच वाळू.
धुकं असलं की मुठी वेगळ्या यायच्या,
येळ्ळूरचा गड दिसत नसला की
लगमाण्णा पाणी कमी घालतो, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.
मग एक डबी झाली, तिला एक तार, एक हिरवा दिवा,
फोनवर एकच शब्द. त्यावर वाद झाला नाही.

बेंगळूरची माणसं पडद्यावर आली त्या दिवशी
मला रंधा बंद ठेवायला सांगितलं होतं.
जिन्याखाली बसून ऐकत होतो.
सगळं झाल्यावर एक जण म्हणाला,
छान आहे, पण याला स्केल काय?

स्केल माझ्या हातातच होती.
पितळेची, बापाची, खोटी.
ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, शंभराला एक,
म्हणून तिच्यावरचा शंभर
खरा एकशे एक असतो.
माझं सगळं आयुष्य त्या एकानं मोठं मोजलेलं.
वर जाऊन सांगावंसं वाटलं. काय म्हणून सांगणार?
इंग्रजीत बोलणं चाललं होतं.

नकार मेलवर आला. गुरुवारी.
विरूपाक्षनं पुढच्या रविवारची रात्रीची बस धरली,
नोकरीला; शनिवारी येतो म्हणाला,
दोनदा आलाही.
वैभवी आता डिप्लोमाच्या पोरांना शिकवते
आणि सहानंतर वर खुर्ची सरकते, एकच.
मुझफ्फरनं दुकानाच्या शिलाई मशीनला काहीतरी जोडलंय,
बाप ओरडतो, काढत नाही.

दोन महिन्यांचं भाडं राहिलंय. मी मागितलेलं नाही,
बायकोला सांगू नका.

डबी लगमाण्णाच्या मोल्डिंगपाशी भिंतीवर आहे.
तो तिच्याकडे बघत नाही.
मूठ दाबतो, मोडतो, कडा बघतो,
बोलतो,
आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की,
मान जराशी वळवून
दिवा आपलं ऐकतोय का ते बघतो.