शेकडा बारा येन

भाऊ म्हणतो, बाबांच्या एका पगारात
सहा तोंडं जेवली.
आता त्याच्याकडे दोघं कमावतात, मुलगी एकच,
तरी वीस तारखेनंतर ओढाताण.
दर वर्षी म्हणतो हे, साके चढली की.
आणि खोटं नसतंच ते.

कावासाकीच्या पोलाद कारखान्यातून
बाबा पगाराचं पाकीट न फोडता आणायचे.
आई ते दोन्ही हातांनी घ्यायची,
आधी पितरांपुढे ठेवायची, मग वही उघडायची.
घर कंपनीचं, भाडं नावापुरतं.
सहाच्या आत बाबा न्हाणीघरातून परत,
ओल्या केसांनी,
आणि आम्ही सगळे त्या बुटक्या मेजाभोवती
गुडघ्याला गुडघा लावून.
आज माझ्या घरात
एकच रस्सा तीनदा गरम होतो.

आईची खोली आवरताना वह्या सापडल्या,
शोवा पस्तीस सालापासूनच्या.
तांदूळ. मिसो. शिगेओचे बूट, तिसरा हप्ता.
किनुयोचा दात, खोडलेला.
पुढच्या महिन्यात परत दात, परत खोडलेला.
तो दात मला आठवतो.

आणि वही उलटी धरली तर मागून,
पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात:
डोळे, चारशे जोड्या. शेकडा बारा येन.

गाद्यांच्या कपाटात खोकं असायचं, हात लावायचा नाही.
आम्ही झोपलो की ती दिव्यावर फडकं टाकून
बाहुल्यांना डोळे बसवायची. निळे.
बाहुल्या अमेरिकेला जायच्या.
तिकडे म्हणे एकट्या पुरुषाच्या कमाईत
मोटार, बाग, सगळं भागतं,
असं एकदा म्हणाली होती, पापणी चिकटवता चिकटवता.
बाबांना माहीत नव्हतं.
किंवा होतं, आणि ते कूस बदलायचे.
चाळिशीतच तिला सुई ओवता येईना.
आम्ही हसायचो.

शिगेओने फोनवर बेरीज केली.
दर महिन्याचे तांदूळ निघत होते त्यातून,
वर थोडे.
बराच वेळ तो गप्प.
मग म्हणाला, तरी घर चाललं ना?
चाललं, मी म्हटलं.
दुसरं काय म्हणणार.
त्याच्या मुलीला तर असं कंपनीचं घरही मिळायचं नाही.

वही पिशवीत घालून मी निघाले.
गाडीत सुनेचा निरोप आला:
आई, आजही उशीर होईल, भात तेवढा लावाल?
घरी येऊन तांदूळ धुतले, तीनदा,
पाणी नितळ होईस्तोवर.
हे कुठल्या पानावर लिहायचं,
तेवढं तिला विचारायचं राहून गेलं.