तिसऱ्या चाकाचा दात

हर्णै बंदराच्या चढावर माझं घड्याळांचं दुकान आहे,
म्हणजे होतं. आता दारात मोबाईलची कव्हरं लटकतात
आणि मागे, काचेच्या आड, मी.

हर्षला पावसे तिथेच आली.
मासळीच्या थर्मोकोल पेट्या कापून तिनं विमान केलंय,
डाव्या पंखावर अजून निळ्या शाईत : ४७, पापलेट.
किती पुसलं तरी वास जात नाही म्हणे.
काका, तुमचं भिंग द्या जरा.

नऊ ग्रॅमचा सर्व्हो. काडेपेटीहून लहान.
निळसर डबीत एकावर एक पांढरी चाकं, नायलॉनची.
मला हसू आलं.
पन्नास वर्षं पितळेचे दात मोजले मी,
आणि ही साबुदाण्याची पोरं विमानाची शेपटी उचलणार?

दांडी चिमटीत धरली,
इकडून तिकडे फिरवून पाहिली
घड्याळाला किल्ली देतात तशी, जाणकाराच्या तोऱ्यात.
आत कुठेतरी टक् झालं.
खाली सुरमईचा लिलाव चढत होता, बोलीवर बोली.
मी म्हटलं, चालेल.

रविवारी, पूर्ण ओहोटीला, मुरूडची पुळण
फरशीसारखी घट्ट.
विमान उठलं. सुरूच्या बनावरून एक फेरी, दुसरी,
सपाट, शहाणी;
लहान लहान हालचालींत चाक
त्या जागेपर्यंत पोचतच नव्हतं.
मग पोरीनं स्टिक मागे ओढली, पूर्ण,
आणि शेपटी अर्ध्यावर उठून
पडली.
नाक खाली. गुडघाभर पाण्यात, पॅरासेलिंगवाल्यांच्या दोरीपलीकडे.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळच वाटला.

रात्री गोड्या पाण्यात धुऊन, चार लांब स्क्रू काढून
आम्ही डबी उघडली.
तिचा बाप दारात उभा, ट्रॉलरवरचा तांडेल.
लोखंडी घाल की, म्हणाला.
मग स्वतःच थांबला.
विंचला आम्ही एक पिन मुद्दाम मऊ ठेवतो,
जाळं खडकाला अडलं तर पिन तुटावी, ड्रम राहावा.
हर्षला म्हणाली, आणि धातूचं चाक तुटत नाही, बाबा,
झिजतं. खाऱ्या हवेत एका मोसमात ढिलं होतं,
शेपटी थरथरते, आणि ते सांगत नाही कुणाला.

मी भिंगात होतो.
पहिलं चाक ठीक. दुसरं ठीक.
तिसऱ्यावर एक दात नव्हता.
वाळू नाही, गंज नाही,
तुटलेली जागा दुधाच्या दातासारखी स्वच्छ.
तुकडा डबीच्या कोपऱ्यात ग्रीसला चिकटलेला,
हवेत तुटला असता तर त्यानं
शेजारच्यांनाही ओरबाडलं असतं.
इतकं मला वाचता येतं. तेवढंच येतं.

भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा वळ असतो,
तो चोळत बसलो.
हर्षला, हा वर नाही तुटला.
माहीत आहे, ती म्हणाली. स्क्रू एका झाकणात गोळा करत होती.
टक् मीही ऐकलं होतं.
मग बोलली का नाहीस?
वाटलं, तुम्हाला कळलं असेल.

तांडेल बिडी पेटवायला बाहेर गेला.

पुण्याहून चाकांची पुडी आली आहे,
पाच चाकं, बडीशेपेएवढ्या पिशवीत.
बसवताना मला हात लावू देत नाही ती.
हातानं फिरवायचं नाही काका, कधीच. स्टिकनं फिरवायचं,
आणि ऐकायचं.
म्हणून मी दुकानाचा पंखा बंद करतो,
रेडिओ बंद करतो, डबीला कान लावतो.
ती स्टिक हलवते, डावं टोक, उजवं टोक.
कुंई. कुंई.
परत, मी म्हणतो.
सावकाश.
ती परत हलवते.