कानाचा नियम

ओउलूत जानेवारीत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
रात्री अकराला इर्मेली येते,
बूट दाराशी काढते, लोकरीच्या मोज्यांनी टेबलापर्यंत चालते,
हेडसेटची शेपटी कॉम्प्युटरच्या कुशीत खुपसते.
हेल्पलाइन सुरू.

कॉम्प्युटरला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं.
पाहुणा आलाय एवढं कळायचं त्याला,
पण पाटावर बसवायचा तो जुन्यांनाच,
भिंतीवरच्या दोन स्पीकरना.
मग इर्मेली यादी उघडणार, हेडसेट शोधणार,
माइक वर, स्पीकर बंद.
चार क्लिक. रोज.

एका रात्री तिसऱ्याच क्लिकला फोन आला
आणि केमीकडचा कुणी एक माणूस,
घोगरा, मध्येच नाक ओढत,
"मी बर्फावर उभा आहे, खालून आवाज येतोय" असं
अख्ख्या खोलीला सांगून बसला.
फरशी पुसणारा तेस्फालेम जागच्या जागी थिजला.
त्याचं फिनिश चार महिन्यांचं.
तेवढं पुरलं.

सकाळी मला बोलावणं. यालमारी, तो आवाज नीट कर.
मी नियम लिहिला, साडेअकरा ओळींचा
(अर्धी ओळ म्हणजे शेरा: "कृपया हात लावू नये"):
अमुक नंबरचा हेडसेट खोचला रे खोचला
की तोच कान, तेच तोंड,
माइक सत्तर टक्के,
भिंतीला वाचा नाही.
कुणाला काही विचारायचं नाही.
या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

तीनदा खोचला, तीनदा उपसला. चाललं.
इर्मेलीने दालचिनीचा पाव दिला, कालचा.

आठवड्याने पुन्हा फोन. कॉम्प्युटर मुका झालाय.
जाऊन बघतो तर हेडसेट खणात
आणि हा आपला बोलतोय,
घंटी वाजवतोय, सूचना देतोय,
नसलेल्या कानात.
मी येण्याचा नियम लिहिला होता,
जाण्याचा राहिला.

दोन ओळी वाढवत होतो तेव्हा
तेस्फालेम शेजारी येऊन उभा राहिला.
शब्द एकेक करून मांडले त्याने, चहाचे कप मांडावेत तसे:
तो माणूस. बर्फावरचा. काठाला आला?
मला माहीत नव्हतं.
इर्मेलीला असेल, ती सांगणार नाही,
तिलाही नियम आहे, माझ्या आधीचा.
म्हणालो, मी फक्त आवाजाचं बघतो.
तो म्हणाला, हो, मीही फरशीचं.

हल्ली तो जिन्याकडून सुरुवात करतो,
या खोलीला येईतो पाऊण वाजतो.
इर्मेलीची पाठ दिसते.
म्म. हो. म्म.
पलीकडचं काहीच नाही, नियम चोख आहे.
मॉप पिळतो, थोडा थांबतो,
आणि एखादा "म्म" लांबला, सैल झाला,
की मगच पुढची फरशी घेतो.